अर्धा कोयता

फोन संदीपचा होता. नगरच्या ज्या हॉस्पिटलात माझे कॅन्सरचे उपचार चालू आहेत, तिथल्या विम्याच्या डेस्कवर हा संदीप बसतो. राहुरीहून रोज मोटरसायकलवर येतो, दोन लेकरांचा बाप आहे, आणि फोन केला की आधी ‘काका, जेवलात का?’ असं विचारल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही. त्या दिवशी त्यानं जेवणाचं विचारलं नाही. म्हणाला, ‘‘काका, या बुधवारचं अप्रूव्हल तुमच्या एकट्याच्या नावानं टाकतोय.’’ मी म्हणालो, ‘‘का रे? हौसाबाई येणार नाहीत का या खेपेला?’’ तो म्हणाला, ‘‘काल गेल्या, काका. त्यांच्या बाळूचा फोन आला होता.’’ मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. बरं कशाला म्हणालो कोण जाणे. स्वयंपाकघरातून आमच्या शालननं विचारलं, कुणाचा फोन? मी म्हणालो, माझी जोडीदारीण गेली. तिनं गॅस बंद केला आणि बाहेर येऊन माझ्याजवळ बसली.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. हौसाबाई माझ्या कोण, असं भेटणारा प्रत्येक जण विचारतो. नात्याच्या नाहीत, गावच्या नाहीत, कामावरच्या नाहीत. त्या जामखेडकडच्या एका गावातल्या, उसाच्या फडात हयात घालवलेल्या. मी नागापूरच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शनला होतो. गेज आणि मायक्रोमीटर यांच्यापलीकडे जगात काही असतं, यावर माझा फारसा विश्वास नव्हता. आमच्या दोघांचं दुखणंसुद्धा वेगवेगळ्या ठिकाणी होतं. फक्त औषध एक होतं. आणि औषध म्हणजे नुसत्या नावानं एक नव्हे, बाटलीही एकच.

हे नीट सांगायला हवं. मला जे इंजेक्शन मिळतं ते केमो नाही. शरीरातली जी राखण झोपलेली असते तिला हे औषध जागं करतं, असं डॉक्टरांनी मला समजावलं होतं. माझ्या पहिल्याच क्लेमवर कुणीतरी सवयीनं केमोचा कोड टाकला होता, तो क्लेम बूमरँगसारखा परत आला. तेव्हा संदीपची आणि माझी पहिली गाठ पडली. मी तावातावानं त्याच्यापुढं उभा. तो शांतपणे म्हणाला, ‘‘काका, प्रत्येक इंजेक्शनचा कोड वेगळा. चुकीच्या कोडनं खरं बिलसुद्धा खोटं ठरतं.’’ तिशी ओलांडलेल्या माणसानं साठी ओलांडलेल्याला असं शिकवावं याचा मला राग आला होता. पण जिथं माप चुकतं तिथं माल परत येतो, हे माझंच तत्त्व तो मला ऐकवत होता.

दुसरी भानगड बाटलीची. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि बाटली येते ठरावीक मापाची. बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. माझ्या वजनाला अर्ध्याहून थोडी जास्त बाटली लागायची, बाकीची मोरीत. बिलावर त्याच्या दोन ओळी यायच्या, एक ‘वापरले’, दुसरी ‘वाया’. विमा कंपनी पहिली ओळ मंजूर करायची आणि दुसरीवर नाक मुरडायची. आयुष्यभर स्क्रॅप कमी करा म्हणून कामगारांच्या मागं लागलेला मी... माझ्याच नावावर एवढं स्क्रॅप निघावं, हे काही मला झेपेना. एक दिवस संदीप हसत हसत आला आणि म्हणाला, ‘‘काका, तुमची सोयरीक जमवलीय. वजन जुळतंय, औषध जुळतंय, दोघांचंही दर तिसऱ्या आठवड्याला असतं. आता दोघांनी बुधवारी यायचं आणि एक बाटली वाटून घ्यायची. डॉक्टरांचा होकार आहे. पत्रिका फक्त बघायची राहिली.’’

पहिल्या बुधवारी खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांत आम्हाला बसवलं. हिरवं इरकल नेसलेली, हाडापेरानं मजबूत, कपाळावर ठसठशीत गोंदण असलेली बाई. मला एकाच बाटलीतलं औषध घ्यायचं म्हणजे कसंसंच वाटत होतं. जाधव सिस्टर प्रत्येकासाठी नवी सिरिंज आणि नवी सुई घेणार होत्या, तरी मी दोनदा विचारलं, ‘‘आधी कुणाचं काढणार?’’ माझ्या मनातलं हौसाबाईंनी बरोबर ओळखलं. म्हणाल्या, ‘‘उष्टं न्हाई हो भाऊ, वाटून घेतल्यालं हाय.’’ आणि मग सिस्टरकडे वळून, ‘‘म्हंजी ह्यो अर्धा कोयता आन् मी अर्धा कोयता. दोगं मिळून एक. व्हय ना?’’

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनीच सांगितलं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, त्या जोडीला एक कोयता म्हणायचं. मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती कोयत्यावर. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या, एकट्यानं होत नाही. त्यांचा नवरा ऐन हंगामात कावीळ होऊन गेला, तेव्हा त्या अर्धा कोयता झाल्या. ‘‘अर्ध्या कोयत्याला कोन इचारीत न्हाई, भाऊ. मुकादम म्हन्तो, जोडी आन, मंग बोल. माझी एक जाऊ हुती, ती बी रांडमुंडच. आमी दोघी बाया मिळून एक कोयता केला. बाळू दहावीला जाईस्तवर.’’ हे सगळं त्या बाजारभाव सांगावा तसं सांगत होत्या. हातात सलाईन. पुढं तो बाळू चाकणला एका कंपनीत लागला, आणि कंपनीच्या विम्यात त्यानं आईचं नाव घातलं. त्या विम्यावर हे औषध चाललं होतं.

सोयरीक जमली खरी, पण पहिल्याच घासाला खडा लागला. प्रत्येक क्लेमबरोबर रिकाम्या बाटलीचा खोका आणि त्यावरचं लेबल जोडावं लागतं. बाटली एक, लेबल एक, माणसं दोन. संदीपनं मूळ लेबल माझ्या कागदांना लावलं आणि हौसाबाईंच्या कागदांना त्याची झेरॉक्स. त्यांच्या विमा कंपनीनं शंका काढली, एकच बाटली दोन पेशंटांच्या नावावर कशी? आणि खुलासा येईपर्यंत पुढचं अप्रूव्हल थांबवलं. पुढच्या बुधवारी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. सिस्टरनं माझी मात्रा काढून घेतली आणि उरलेली बाटली धरून त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. हौसाबाई तेव्हा खाली संदीपच्या डेस्कसमोरच्या बाकावर बसून होत्या. जामखेडहून पहाटेची एसटी धरून आलेल्या, कारण कदाचित दुपारपर्यंत होकार येईल. नाही आला. मी खाली आलो तेव्हा त्यांनी विचारलं काय, तर ‘‘भाऊ, तुमाला मिळालं न्हवं? मंग निम्मं काम झालं की.’’

संदीप त्या दिवशी जेवला नाही, हे मला त्याच्या डेस्कवर चहा आणून देणाऱ्यानं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं तोड काढली. औषध देताना पेशंटचा बाटलीसकट फोटो लागतो, हा नियम होताच. त्यानं ठरवलं, दोघांचा एकाच चौकटीत फोटो काढायचा, मध्ये बाटली, आणि तोच फोटो दोन्ही क्लेमला लावायचा. सोबत औषधविभागाचा खुलासा, कुणाला किती दिलं त्याचा. विमा कंपनीला डोळ्यांनी दिसू दे. फोटोच्या दिवशी हौसाबाई नवी चोळी घालून आल्या. पदर डोक्यावरून घेतला, सलाईनचा हात वर धरला, दुसऱ्या हातात बाटलीचा खोका. मी शेजारी छाती काढून. नवरा-नवरीच्या फोटोत असतात तसे आम्ही दोघं अवघडलेले. हौसाबाई हसल्या, तसा मोबाईल खाली करून संदीप ओरडला, ‘‘काकू, हसू नका! विमा कंपनीला वाटंल, बऱ्या झाल्या.’’ त्यावर आख्खा वॉर्ड हसला. पुन्हा फोटो घेतला तेव्हा त्यांनी ओठ असे घट्ट मिटले होते की जणू उचल बुडवलेल्या माणसाकडे बघताहेत. त्या फोटोनं काम केलं. अप्रूव्हल आलं, आणि तेव्हापासून दर तिसऱ्या बुधवारी आमचा जोडीनं फोटो निघू लागला. शालन म्हणायची, आपल्या लग्नाचे नाहीत एवढे फोटो तुमचे त्या बाईबरोबर झाले.

एक पथ्य मात्र होतं. दोघांची मात्रा मिळून त्या बाटलीत बसली पाहिजे. म्हणजे दोघांचं मिळून वजन एका मर्यादेबाहेर जाता कामा नये. दुसरी बाटली फोडायची तर पुन्हा अप्रूव्हल, पुन्हा शंका, पुन्हा रिकामी खुर्ची. आणि दिवाळीनंतरच्या बुधवारी घोटाळा झालाच. काट्यावर मी चांगलाच भरलो. सिस्टरनी बाटली उजेडात धरली, हिशेब केला, डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक चालतो, याच्यापुढं नाही. हौसाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या हेडमास्तरीणबाई आठवल्या. ‘‘भाऊ, चकल्या किती हानल्या?’’ मी म्हणालो, जास्त नाही. ‘‘काटा बोलतोय न्हवं!’’ मग त्यांनी शालनला फोन लावायला सांगितलं आणि माझ्यादेखत भात बंद, तूप बंद, संध्याकाळी बाजरीची अर्धी भाकरी असा हुकूम सुटला. शालननं तो आनंदानं पाळला. मी इतकी वर्षं तिच्या हातचं खाऊन तिला नावं ठेवली होती, त्याचा तिनं हौसाबाईंच्या खांद्यावरून सूड घेतला.

त्या दिवसापासून मी काट्यावर चढण्याआधी हौसाबाई माझी झडती घेऊ लागल्या. ‘‘चप्पल काढा. घड्याळ काढा. खिशात काय हाय? किल्ल्या? आना हिकडं.’’ मी सांगायचो, बाई, मी उभा जन्म मापात घालवलाय, किल्ल्यांनी काही फरक पडत नाही. त्या म्हणायच्या, ‘‘कारकान्याच्या काट्यावर आमी बी जन्म घातलाय. रिकामी गाडी येगळी, ऊस येगळा. तुमची चप्पल म्हंजी गाडी. गाडीचं वजन बाटलीत कशापायी धरायचं?’’ माझं घड्याळ, किल्ल्या, पाकीट सगळं त्या पदराच्या ओच्यात घेऊन बसायच्या आणि मी उतरलो की एकेक वस्तू मोजून परत द्यायच्या. एकदा माझा चष्माही काढून घेतला. त्यामुळे काट्यावर काय आलं ते मला दिसेना, ते त्यांनीच वाचून सांगितलं.

संक्रांतीच्या पुढच्या बुधवारी सिस्टरनी दोघांचं औषध काढलं आणि बाटलीच्या तळाशी थोडं उरलं. मी खूश झालो. म्हटलं, बघा, भाकरीचा गुण! पण काट्यावर माझं वजन होतं तेवढंच होतं. घटलं होतं हौसाबाईंचं. त्या मला म्हणाल्या, ‘‘माझं कमी झालं की तुमाला मोकळीक. आता खा तुमी.’’ आणि पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. माझ्यासाठीच करून आणले होते, जामखेडहून, एसटीत मांडीवर ठेवून. मी दोन खाल्ले, तिसरा खिशात घातला. आम्ही हसत होतो, संदीप जिन्यावरून ओरडून गेला, ‘काका, लेबल जपा’... हसत नव्हत्या त्या फक्त जाधव सिस्टर.

पुढच्या खेपेला आणखी उरलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. कारखान्यात मी पोरांना शिकवायचो की एकाच दिशेनं सरकणारी मापं दिसली की मशीन थांबवा, काहीतरी झिजतंय. मला सगळं दिसत होतं. तरी मी बाटलीत किती उरलं ते बघायचो आणि लाडू खायचो, कारण मी खाल्ले नाहीत तर त्या रागवायच्या. शेवटच्या भेटीत त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सलाईन चालू असताना म्हणाल्या, ‘‘भाऊ, मला कळत न्हाई व्हय? गाडी रिकामी व्हायला लागलीय.’’ मी म्हणालो, औषधाला वेळ लागतो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बाईचा तळहात इतका खडबडीत असू शकतो, हे मला तेव्हा कळलं, आणि इतका ऊबदारही. पुढचा बुधवार यायच्या आतच संदीपचा तो फोन आला. मधल्या दिवसांत डॉक्टरांनी त्यांचं औषध बंद केलं होतं, ते मला नंतर कळलं.

दहाव्याला मी आणि शालन जामखेडला गेलो, तिथून जीपनं त्यांच्या गावाला. पत्र्याच्या घरापुढं मांडव होता. बाळूनं आम्हाला पुढं बसवलं आणि आई तुमच्याबद्दल लई सांगायची, एवढंच बोलला. भिंतीशी पाटावर हार घातलेला फोटो ठेवला होता. मी बघतच राहिलो. ओठ घट्ट मिटलेले, डोक्यावरून पदर, नवी चोळी. तो विम्याचा फोटो होता! विम्याचे फोटो सोडले तर आयुष्यभरात बाईंचा धड फोटो कुणी काढलाच नव्हता, तेव्हा संदीपकडून मागवून बाळूनं तोच मोठा करून घेतला होता. स्टुडिओवाल्यानं सलाईन कापली, बाटलीचा खोका कापला, मला कापलं. पण उजवीकडे चौकटीच्या कडेला माझ्या चौकड्याच्या शर्टाची बाही राहून गेली होती. शालननं ती मला दाखवली आणि पदर डोळ्यांना लावला. मीही रडलो, लपवायचं काही कारण नव्हतं.

परत आल्यावर संदीपला भेटलो. त्याच्या डेस्कसमोर त्याच बाकावर बसलो. तेव्हा त्यानं सांगितलं, औषध बंद झाल्यावर हौसाबाई त्याच्याकडे आल्या होत्या. त्याला वाटलं, काही कागद राहिले असतील. त्या म्हणाल्या, ‘‘माझं झालं. पर भाऊंना अर्धा कोयता ठिवू नको. त्येंच्या वजनाचं कुनी आलं की जोडी लाव. माणूस जरा हट्टी हाय, पर ऐकतो.’’ संदीप सांगता सांगता कागद उलटेसुलटे करत होता. म्हणाला, ‘‘बघतोय काका. अजून जुळत नाहीये. एकाचं औषध वेगळं, एकाचा वार वेगळा.’’ मी म्हणालो, घाई नाही.

खरंच घाई नाही. हल्ली बुधवारी मी एकटाच असतो. सिस्टर माझी मात्रा काढतात, उरलेली बाटली टाकून देतात, आणि बिलावर पुन्हा ती दुसरी ओळ येऊ लागली आहे. मी संदीपला म्हणालो होतो, ‘‘ते ‘वाया’ नको लिहू रे. ते हौसाबाईंचं आहे.’’ तो बिचारा म्हणाला, ‘‘काका, मला कळतं. पण त्याला दुसरा कोड नाही.’’ माप चुकलं की माल परत येतो, म्हणून मीही हट्ट धरला नाही. फोटो काढताना तो अजून सवयीनं दोन पावलं मागं जातो, दोन माणसं बसावीत म्हणून. मग पुढं येतो.

गेल्या बुधवारी काट्यावर चढण्याआधी मी वाकून चप्पल काढू लागलो. जाधव सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘‘राहू द्या हो काका. आता तुम्ही कितीही भरलात तरी बाटली पुरते.’’ बरोबर होतं त्यांचं. मी तरी दोन्ही चपला काढल्या. घड्याळ काढलं. खिशातल्या किल्ल्या काढल्या, पाकीट काढलं, आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे हात पुढं केला... हात तसाच राहिला. मग सिस्टरनीच पुढं येऊन त्यात होतं ते सगळं घेतलं आणि ओंजळीत धरून, मी काट्यावरून उतरेपर्यंत, उभ्या राहिल्या.